अंकीय दरी : बालक व युवक

संगणक, स्मार्टफोन व इंटरनेट ही साधने ज्यांच्या हाताशी आहेत व ती ज्यांना वापरता येतात असे लोक, आणि ज्यांच्याजवळ ती नाहीत किंवा असूनही ज्यांना त्यांचा उपयोग करून घेता येत नाही असे लोक, यांच्यांत पडलेल्या अंतरास अंकीय दरी असे म्हणतात. बोलीत ‘डिजिटल दरी’ हा शब्दही रूढ आहे. प्रौढांच्या बाबतीत ही दरी प्रामुख्याने सोयीची व उत्पन्नाची असते. बालकांच्या व युवकांच्या बाबतीत मात्र ती शिक्षणाची होते, कारण शिकण्याचे वय निघून गेल्यावर मिळालेले साधन त्या वयात मिळालेल्या साधनाची बरोबरी करू शकत नाही. यूनिसेफ व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील ३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुलांच्या, म्हणजे १३० कोटी मुलांच्या, घरी इंटरनेटची जोडणी नव्हती.

ही संज्ञा १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली. तेथील व्यापार खात्याने १९९५ पासून प्रसिद्ध केलेल्या अहवालमालेत दूरध्वनी व संगणक यांपासून वंचित असलेल्या कुटुंबांची पाहणी देण्यात आली होती. माहितीविषयक जागतिक शिखर परिषदेच्या जिनीव्हा (२००३) व ट्युनिस (२००५) येथील अधिवेशनांत या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. प्रारंभी दरी म्हणजे यंत्राचा अभाव, एवढाच अर्थ अभिप्रेत होता. पुढे अभ्यासकांनी तिचे थर वेगळे केले. यंत्र व जोडणी मिळणे हा पहिला थर, ती वापरण्याचे कौशल्य हा दुसरा आणि त्या वापरापासून शिक्षण, रोजगार वा हक्क यांच्या रूपाने प्रत्यक्ष लाभ होणे हा तिसरा. पहिला थर पैशाने व तारेने बुजविता येतो. उरलेले दोन बुजविण्यास शिक्षक, भाषा व सवड लागते. आणि शासकीय योजना बहुधा पहिल्याच थरापाशी थांबतात.

महाराष्ट्रात हे सर्व थर एकाच जिल्ह्यात पाहावयाचे झाल्यास अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हा जिल्हा त्यास योग्य ठरेल. सुमारे १७,००० चौ. किमी. क्षेत्रफळाचा हा जिल्हा राज्यात विस्ताराने सर्वांत मोठा असून त्याचे १४ तालुके आहेत. अहिल्यानगर शहरालगत मनमाड रस्त्यावरील नागापूर हा औद्योगिक वसाहतीचा परिसर, प्रवरेच्या पाटपाण्यावर वाढलेला उत्तरेकडील साखर कारखान्यांचा पट्टा, सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुक्यातील आदिवासी पाडे, आणि जेथून ऊसतोडणीसाठी दरवर्षी कुटुंबे बाहेर पडतात ते पाथर्डी-शेवगावकडील अवर्षणग्रस्त तालुके, असे हे चार भिन्न प्रदेश होत. अकोल्याच्या डोंगरात मुख्य अडचण जोडणीची आहे. नागापूरसारख्या कामगारवस्तीत मनोरा डोक्यावर असतो, संदेशवहनाची अडचण नसते. परंतु घरात फोन एकच असतो व तो कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर घराबाहेर पडतो. पाळी संपवून तो परत येईपर्यंत मुलाच्या दृष्टीने त्या घरात फोन नसतोच. घरोघरच्या पाहणीत मात्र अशा घराची नोंद ‘स्मार्टफोन आहे’ अशी होते.

संदेशवहनाचे नवे साधन आणि ग्रामीण जनता यांचा संबंध या जिल्ह्याला नवा नाही. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने यूनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या तत्कालीन पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडण्यात आली होती. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावातील निवडक मंडळी रेडिओभोवती जमून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे लेखी पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमातून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. तुलनेसाठी त्यांनी श्रवणमंडळ नसलेली गावेही घेतली होती. त्यांपैकी काही गावांत रेडिओ होता व काहींत तोही नव्हता. श्रवणमंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडल्याचे आढळले. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते तेथे मात्र ही वाढ नगण्य होती. यंत्र दोन्हीकडे तेच व कार्यक्रमही तोच. फरक होता तो एकत्र बसून ऐकण्याचा, बोलण्याचा आणि विचारलेल्या प्रश्नास उत्तर मिळण्याचा. पुढे झालेल्या बहुतेक अंकीय प्रयोगांचे यशापयश या एका निष्कर्षाच्या कसोटीवर लावून पाहता येते. तरीही संगणकयुगात या प्रयोगाची आठवण फारशी ठेवली गेली नाही, हे नमूद करावयास हवे.

विस्तार : राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील ३·३ टक्के कुटुंबांकडे संगणक होता व १८·५ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. नागरी भागात हेच प्रमाण अनुक्रमे २७·४ व ५२ टक्के होते. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यामुळे ही स्थिती झपाट्याने पालटू लागली. ग्रामीण भारतातील शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण, ‘असर’ या वार्षिक पाहणीनुसार, २०१८ मध्ये ३६·५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१·८ टक्क्यांवर गेले. मात्र संगणकाची स्थिती तशी बदलली नाही. स्मार्टफोनवर पाहता व ऐकता उत्तम येते. दीर्घ लेखन, आकडेमोड, आकृत्या, आज्ञावली यांसाठी तो अपुरा पडतो. त्यामुळे फोनपुरती दरी बुजली तरी ग्रामीण मूल बव्हंशी ग्राहकाच्या भूमिकेतच राहते.

या दरीची खरी खोली मार्च २०२० मध्ये दिसून आली. कोव्हिड-१९ च्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग काही जिल्ह्यांत नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले, पण दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद पडले. पहिली ते चौथीच्या बहुसंख्य मुलांना डिसेंबर २०२१ पर्यंत वर्गात बसताच आले नाही. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल शाळेची पायरी न चढता दुसरीत गेले. राज्याच्या शिक्षण विभागाने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या धोरणाखाली मोबाइलवरून पाठ व स्वाध्याय पाठविण्याची व्यवस्था केली. परंतु ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, किंवा होता पण रिचार्जला पैसे नव्हते, त्या घरी हे शिक्षण पोहोचले नाही.

या उणिवेवर जे उपाय सुचले त्यांतील उल्लेखनीय उपाय जुन्या साधनांचे होते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाशी संलग्न असलेल्या प्रतिष्ठानाने तयार केलेली ‘टिलीमिली’ ही मालिका जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखविण्यात आली. पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेसाठी साठ, असे तिचे एकूण ४८० भाग होते. घरातल्या व परिसरातल्या वस्तू घेऊन पालकांसह करावयाच्या कृती हे तिचे वैशिष्ट्य होय. पालघर-नाशिककडील काही आदिवासी पाड्यांवर ध्वनिमुद्रित पाठ ध्वनिक्षेपकावरून ऐकविणारी ‘बोलकी शाळा’ भरली. सोलापूर शहरातील नीलमनगर या कामगारवस्तीत तेथील शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. येता-जाता मुले ते वाचीत. ठिकठिकाणचे शिक्षक ओट्यांवर व देवळांच्या आवारांत चार-सहा मुलांना घेऊन बसत. या उपायांची व्याप्ती थोडी होती, आणि त्यांनी बुडालेल्या शिक्षणाची भरपाई झाली असे म्हणता येणार नाही. तथापि १९५६ मधील श्रवणमंडळांशी असलेले त्यांचे साम्य सहज लक्षात येण्यासारखे आहे.

युवकांच्या बाबतीत दरीचे स्वरूप काहीसे निराळे आहे. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती व नोकरी यांचे सर्व दरवाजे क्रमाने अंकीय झाले आहेत. राज्याची अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र व कृषी या शाखांसाठीची सामायिक प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावरून भरावे लागतात. अकरावीचा प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे इ. मोठ्या शहरांपुरताच ऑनलाइन होता. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून तो राज्यभर तसा करण्यात आला. शहरातील विद्यार्थी असा अर्ज घरी बसून, दोनदा तपासून भरतो. डोंगरी गावातील विद्यार्थी त्यासाठी तालुक्याच्या गावी सेवा केंद्रावर जातो, रांगेत उभा राहतो, पैसे देतो आणि त्याच्या वतीने दुसराच कोणी पसंतीक्रम नोंदवितो. चूक झाली तर दुरुस्तीसाठी पुन्हा तीच फेरी. जातीच्या वा उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत धूसर निघाली एवढ्या कारणानेही अर्ज अडतो, आणि मुदत मात्र सर्वांना सारखीच असते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम या दृष्टीने उपयुक्त ठरला. लहान गावांतूनही त्याची केंद्रे निघाली व असंख्य तरुणांनी संगणकाला पहिला स्पर्श केला तो तेथेच. शासकीय नोकरीसाठी प्रमाणपत्र लागते म्हणून अनेकांनी तो केला हे खरे असले, तरी त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही.

मुली : दरीच्या आत आणखी एक दरी आहे ती मुलगे व मुली यांच्यांतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) इंटरनेट कधीतरी वापरले आहे असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण देशात ३३·३ टक्के, तर पुरुषांचे ५७·१ टक्के आढळले. २०२३ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भागात १४ ते १८ वर्षे वयाच्या व स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३·७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९·८ टक्के होते. फोन मुलीच्या हाती देण्यास पालक कचरतात, आणि दिलाच तर तो भावाच्या वा वडिलांच्या देखरेखीखाली. साधन मुलींच्या हाती देण्याविषयीची ही भीती महाराष्ट्राला अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकात लेखणीविषयी ती अशीच होती. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण ज्या ठिकाणी घेतले, ती सिंथिया फॅरार यांची संस्था अहमदनगर येथेच होती. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या याचिकेवर निर्णय देताना, वसतिगृहातील मुलींना ठराविक वेळेत मोबाइल वापरण्यास केलेली बंदी रद्द ठरविली आणि इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले.

भाषेचा अडसर पूर्वीइतका राहिलेला नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या सांकेतिक मानकात देवनागरीचा समावेश असल्याने मराठी मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येणे शक्य झाले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तथापि विज्ञान, गणित व तंत्रविद्या यांवरील मुलांना झेपेल असा मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा आहे, आणि अकोल्याच्या पाड्यावरील मुलाला तर प्रमाण मराठीही शाळेत येऊन शिकावी लागते. अंध व कर्णबधिर मुलांसाठी तयार होणारे साहित्य त्याहूनही तुटपुंजे आहे.

प्रयत्न : भारतातील शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या केंद्रीय योजनेने केला. निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीचे सूक्ष्मसंगणक देण्यात आले. पण शिक्षकांची तयारी व देखभाल यांअभावी पुष्कळ ठिकाणी ते फारसे उपयोगी पडले नाहीत. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील ७० गावे संगणकांनी जोडणारा प्रकल्प सुरू झाला. त्याचा देशभर बोलबाला झाला, परंतु प्रत्यक्षात तो बव्हंशी उसाच्या नोंदी व हिशेब यांपुरताच राहिला. मुलांच्या शिक्षणाशी त्याचा संबंध थोडाच आला. १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीतील एका खिडकीत संगणक बसवून वस्तीतील मुलांना तो मोकळा करून दिला. मुले आपली आपण संगणक हाताळावयास शिकतात, हा त्यांचा निष्कर्ष जगभर गाजला. मोठी व दांडगी मुलेच यंत्र अडवून ठेवतात आणि मुली मागे राहतात, हा टीकाकारांचा आक्षेप त्यामानाने कमी लोकांपर्यंत पोहोचला.

प्रत्येक मुलाला एक स्वस्त लॅपटॉप देण्याच्या अमेरिकन योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथील लहानशा एकशिक्षकी शाळेत झाला. मुलांनी ही यंत्रे उत्साहाने वापरली. पण भारत सरकारने योजना स्वीकारली नाही. पेरू या देशाने मात्र ती मोठ्या प्रमाणावर राबविली. तेथील सुमारे ३०० ग्रामीण शाळांच्या २०१२ मधील मूल्यमापनात मुलांच्या गणित व भाषा या विषयांतील प्रगतीवर तिचा काही परिणाम आढळला नाही. यूरग्वायने २००७ मध्येच अशी योजना सुरू केली, पण यंत्राबरोबर शाळांची जोडणी, दुरुस्तीची व्यवस्था आणि शिक्षकांचे साहाय्य यांवर सतत खर्च केला. तेथे ती टिकून राहिली. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत छापून पाठ, कविता व चित्रफिती मुलांपर्यंत नेण्याची पद्धत वापरली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे संकेत आले आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. येथेही प्रारंभ यंत्रापासून झाला नव्हता. वर्गातील मुले कोणती, त्यांच्या घरी काय आहे व काय नाही, हे जाणणाऱ्या शिक्षकापासून झाला होता.

ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडण्याची ‘भारतनेट’ ही योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तिच्याद्वारे तार पंचायतीच्या कचेरीपर्यंत येते. शाळा बहुधा शेजारीच असली तरी शेवटचे ते अंतर अनेक ठिकाणी कापले गेलेले नाही. देशातील संगणक असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ मध्ये ५७·२ टक्के व इंटरनेट असलेल्यांचे ५३·९ टक्के होते. २०२४-२५ मध्ये ते अनुक्रमे ६४·७ व ६३·५ टक्के झाले. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांत २०१५ नंतर लोकवर्गणीतून प्रक्षेपक, पडदे व टॅब आले. ग्रामस्थांनी उभारलेल्या या निधीचे कौतुक सार्थ आहे. मात्र शाळेचे वीजबिल कोणी भरावयाचे आणि प्रक्षेपकाचा दिवा गेल्यास नवा कोठून आणावयाचा, हे प्रश्न वर्गणीच्या पावतीपुस्तकात बसत नाहीत.

साधने पसरल्यावर प्रश्नाचे दुसरे टोक पुढे आले. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलांपैकी ८२·२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात त्याचा शैक्षणिक उपयोग ५७ टक्के मुलांनी, तर समाजमाध्यमांसाठी उपयोग ७६ टक्के मुलांनी केला होता. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवण्याचा आणि मुलांनी तेवढा वेळ अभ्यास करण्याचा पायंडा पाडला. केंद्र सरकारच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. ज्या घरी आई-वडिलांनाच मूल फोन शिकविते त्या घरी या संमतीला कितपत अर्थ राहील, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

ऊसतोड कामगारांची मुले या सर्व उपायांच्या कडेवर राहतात. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी व शेवगाव या तालुक्यांतून, तसेच शेजारच्या बीड जिल्ह्यातून निघालेली कुटुंबे हंगाम संपेपर्यंत कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांत राहतात. त्याच सुमारास बीड-नाशिककडील काही टोळ्या अहिल्यानगरच्या उत्तर भागातील कारखान्यांवर येतात. मुलाची शाळेतील नोंद २०१५ पासून राज्याच्या ‘सरल’ या संगणकीय प्रणालीत आहे, व स्थलांतरित मुलास जेथे जाईल तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्र देण्याची पद्धतही आहे. उसाच्या फडालगतच्या कोपीत विजेची जोडणी क्वचितच असते. फोन गावातल्या दुकानात पैसे देऊन भारित करून आणतात, आणि तो मुकादमाच्या निरोपासाठी राखून ठेवावा लागतो.